भिंतीची साक्ष

आषाढ सरून श्रावण लागला, म्हणजे कवींच्या दृष्टीने सृष्टी हिरवी होते. आमच्या आचोळ्यातील बिऱ्हाडांत ती प्रथम करडी होते व मग काळी. कपाटामागील भिंतीवर मोहरीएवढे ठिपके उमटतात, आठ-पंधरा दिवसांत त्यांची मंडले होतात, चामडी पट्ट्यांवर राखाडी लव चढते, आणि पुस्तकांना असा एक वास येतो, की ज्याने तो एकदा घेतला त्यास तो पुन्हा कोठेही ओळखता यावा. हा प्रकार भिंतीवर दिसला तर लोक त्यास बुरशी म्हणतात, लोणच्यावर आला तर बुरा म्हणतात, आणि मनुष्याच्या डोक्यात शिरला तर त्याचे विचार बुरसटले असे म्हणतात. इतक्या क्षुद्र वस्तूने भाषेत एवढी जागा मिळवली, त्या अर्थी आमच्या लोकांची व तिची ओळख जुनी असली पाहिजे. तथापि तिच्याशी वागण्याची आमची रीत पाहिली, म्हणजे ही ओळख नुसती तोंडदेखली आहे असे वाटू लागते.

ती रीत अशी. डाग दिसला की फडक्याने पुसावयाचा. पुन्हा दिसला की ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने पुसावयाचा. आणि गणपती आठ दिवसांवर आले, की त्यावर रंगाचा हात मारावयाचा. वर्षातून ज्या दिवसांत भिंत सर्वांत ओली असते नेमक्या त्याच दिवसांत आपण ती रंगवतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रंगाखाली ओल कोंडली जाते, नवरात्रापर्यंत रंगास फुगे येतात, दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात, आणि मग रंगाऱ्यास व रंगाच्या कारखान्यास दोष देऊन आपण पुढील भाद्रपदाची वाट पाहू लागतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र व सर्वकाळ असतात. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत जो बीजाणू येऊन पडला, त्यास कोणी निमंत्रण धाडले नव्हते. त्यातून पेनिसिलिन निघाले हे जगाचे भाग्य. तेव्हा बीजाणूंस घरात येऊ न देणे हे मनुष्याच्या हातचे काम नव्हे. त्यांचे अन्नही घरभर पसरलेले असते. रंग, लाकूड, कागद, खळ, नुसती धूळदेखील त्यांस पुरते. ऊबही कोकणपट्टीत बारा महिने आहे. आपल्या हाती राहते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांतील ओल व बुरशी यांविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचाही मुख्य आशय हाच आहे, की टिकून राहणारी ओल टाळा; बाकीचे सारे त्यामागून येते.

हे न ओळखता डागाशीच झुंजत बसले म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण फ्रान्समधील लास्को येथील गुहेत आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांची ही गुहा १९४० साली सापडली व १९४८ साली लोकांस खुली झाली. प्रेक्षकांच्या श्वासाने व दिव्यांच्या उजेडाने तिच्यात हिरवे शेवाळ धरले, म्हणून १९६३ साली ती बंद करावी लागली. पुढे २००१ साली तेथे पांढरी बुरशी पसरली. तिच्यावर कळीचा चुना टाकला, औषधे शिंपडली. पांढरी हटली, तो काही वर्षांत काळे डाग दिसू लागले. जेथे एका राष्ट्राचे विद्वान पहाऱ्यास बसले होते, तेथे ही कथा. मग आमच्या फडक्याची काय मातब्बरी!

तेव्हा डाग पुसण्यापूर्वी त्याची साक्ष ऐकून घ्यावी, असे आमचे मत आहे. ओल घरात चार वाटांनी येते: खालून, बाहेरून, वरून आणि आतून. प्रत्येक वाटेची खूण निराळी. खालून चढणारी ओल तळमजल्यावर जोत्यापासून कमरेएवढी वर जाते आणि मागे पांढरा लोणा ठेवते. लोणा व बुरशी यांत पुष्कळजण घोटाळा करतात. पण लोण्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. बाहेरची ओल नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येते, म्हणून पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंती आधी भिजतात, खिडकीच्या कोपऱ्यांतून व गिलाव्याच्या भेगांतून. वरची ओल छतावर पिवळी कडी उमटवते. ती पावसाबरोबर येऊन जात असेल तर गच्चीची, आणि चैत्रातही टिकत असेल तर वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची. आतली ओल सर्वांत सभ्य दिसते. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे आणि माणसांचे श्वास यांची ती बनलेली असते व कपाटामागच्या न हलणाऱ्या हवेत जाऊन बसते. संशय असेल तेथे प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी भिंतीस घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. मागच्या बाजूस दंव धरले तर पाणी भिंतीतून येत आहे, पुढच्या बाजूस धरले तर हवेतून.

आमच्या घरी साक्षी दोन निघाल्या. कपाटामागची बुरशी आतल्या ओलीची होती. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, कपडे वाळवण्याची दोरी खोलीतून काढून सज्जात नेली, आणि तिचा जोर निम्म्याने ओसरला. दुसरी मात्र आमच्या मुलीच्या उशाकडील भिंतीवर होती. मुलीस लहानपणापासून दम्याची खोड. त्या खोलीत निजली की तिचा खोकला रात्री दोन वाजता घर जागे करी. ही ओल उन्हाळ्यातही हटत नव्हती. म्हणजे ती वरच्या बिऱ्हाडाची होती.

वरच्या बिऱ्हाडी एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वतः येऊन बघा. माझ्याकडे एक थेंब दिसत नाही." आणि ते अक्षरशः खरे होते. ज्याच्या घरातून पाणी झिरपते त्याची फरशी कोरडी असते. गळतीचे दुःख नेहमी खालच्याने भोगावयाचे आणि तिचा उगम वरच्याने मान्य करावयाचा, अशी या शेजारधर्माची रचनाच आहे. वर्षभर हे प्रकरण नम्र भाषेत तुंबून राहिले. शेवटी एका जाणत्या गवंड्याने त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीत बोळा कोंबून पाणी रंगवून तुंबवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंस खाली बोलावले. भिंतीवर तांबूस ओघळ उतरला होता. त्यांनी भिंतीला तळहात लावला, काही वेळ उशीकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "माझं पाणी पोरीच्या उशाशी येतंय, हे मला वर बसून कसं कळावं?"

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारे पावसाचे पाणी व बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेने पाहावयाची असते. न्हाणीघराचे काम त्या त्या सभासदाचे. नियमाने खर्च बाईंचा होता. आम्ही निम्मा उचलला. यात औदार्य काही नव्हते, कोरडी भिंत आम्हांस हवी होती. मे महिन्यात फरशी उखडली, नळाभोवतीचा सांधा बुजवला, जलरोधक थर दिला, पुन्हा पाणी तुंबवून पाहिले आणि मगच फरशी बसवली. आमच्या बाजूचा कुजका गिलावा खरवडून भिंत महिनाभर उघडी ठेवली. त्यानंतर दोन पावसाळे त्या खोलीत खोकला ऐकू आला नाही.

जुन्या लोकांस हे सारे शास्त्राच्या शब्दांत ठाऊक नव्हते, पण हाताला ठाऊक होते. उतरती कौले व लांब पागोळ्या भिंतीवर पाणी पडू देत नसत. पावसाच्या बाजूच्या पडवीस झावळ्यांचे झाप बांधले जात. आणि चुन्याची सफेदी दरसाल उन्हाळ्यात होई. चुना भिंतीस श्वास घेऊ देतो, शिवाय त्याच्या क्षारतेत बुरशी सहज रुजत नाही. सपाट गच्चीच्या घरात कौले आणता येणार नाहीत. पण गच्ची व भेगा वैशाखात तपासणे, भिंत कोरडी असतानाच रंगवणे, डाग नाकावर फडके बांधून साबणाच्या पाण्याने घासून काढणे, पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडणे आणि न्हाणीघरात हवा ओढणारा पंखा बसवणे, एवढे कोणासही करता येईल. ब्लीच वापरणाराने ते अॅसिडात मात्र कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पुस्तकांतील कडुनिंबाची पाने किड्यांसाठी ठीक; बुरशी त्यांस जुमानत नाही.

परंतु हे "कोणासही" म्हणताना लेखणी अडखळते. आचोळ्यात अशा खोल्या पुष्कळ आहेत, की जेथे चार-पाच माणसे एकाच खिडकीवर जगतात आणि ती खिडकी दुसऱ्याच्या भिंतीवर उघडते. त्यांनी कपडे कोठे वाळवावे? शिवाय ही भूमीच पाण्याच्या वाटेवरची. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. मधल्या सखल पट्ट्यातून पावसाचे पाणी पश्चिमेस जावयाचे. त्या वाटेवर आपण वस्ती केली. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यास रूळ बुडून गाड्या थांबल्या, तेव्हा पाण्याने आपला जुना रस्ता फक्त दाखवून दिला. आचोळ्यातीलच ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ च्या अखेरीपासून पाडण्यात आल्या. त्यांखालची जमीन सांडपाणी शुद्धीकरण केंद्र व कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेली होती. घरे गेली ती तेथे राहणाऱ्यांची, आणि सांडपाण्याचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

घराची भिंत काय, गावाची जमीन काय, पाणी कोठून आले हे विचारल्यावाचून केलेली रंगरंगोटी एका पावसापुरतीच टिकते. आणि ते विचारावयाचे तर बहुधा एक जिना चढून जावे लागते, किंवा वरून कोणास तरी खाली यावे लागते.