सायकलींवरून बीदरच्या बागेकडे

वाहन जितके वेगवान तितका प्रवास आनंददायक, असा एक समज अलीकडे फार रूढ झाला आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. पायी चालणाऱ्याला एक गाव नीट दिसते, परंतु मुलूख कसा पालटत जातो हे एका दिवसात त्याच्या दृष्टीस पडत नाही. मोटारीतून जाणारा पुष्कळ अंतर कापतो, परंतु जमिनीचे चढउतार त्याला जाणवत नाहीत. या दोहोंच्या मधले वाहन म्हणजे सायकल. तिच्यावर बसलेल्या माणसाला रस्ता डोळ्यांच्या आधी गुडघ्यांना कळतो. गेल्या डिसेंबरात आमच्या प्रशालेतील अठरा विद्यार्थी-विद्यार्थिनींसह आम्ही भालकी तालुक्यातील आमच्या गावाहून बीदरच्या बरीदशाही बागेपर्यंत जो प्रवास केला, त्यात या गोष्टीचा प्रत्यय आला. त्या प्रवासातून एक प्रश्नही आमच्याबरोबर गावात आला आणि तो अद्याप सुटलेला नाही. म्हणून ही हकीकत येथे सांगावी असे वाटते.

प्रसंग घडला तो इंग्रजीच्या तासाला. इंग्लंडातील खेड्यांविषयी बोलता बोलता आम्ही सांगितले की, तेथे सायकलींवरून हिंडणाऱ्या हौशी मंडळींचा संघ १८७८ सालीच स्थापन झाला होता, आणि सुटीच्या दिवशी अशी मंडळी खेड्यापाड्यांतून वाट काढीत एखादी जुनी बाग पाहावयास जात असतात. केंट परगण्यातील सिसिंगहर्स्टची बाग १९३८ मध्ये लोकांना खुली झाली, तेव्हा एक शिलिंग देऊन कोणालाही आत जाता येत असे. हे ऐकून मागल्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, आपल्याकडे कुठं आहे अशी बाग?" प्रश्नाच्या स्वरात कुतूहल थोडे आणि 'आपल्याकडे काय असणार!' हा भाव अधिक होता. आमच्या सीमाभागातील मुलांच्या तोंडी हा भाव वारंवार येतो. शाळा संपली की पुण्यास जावयाचे किंवा हैदराबादेस, येथे मागे ठेवण्यासारखे काही नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. आम्ही उत्तर तोंडी दिले नाही. सायकलीने जाऊन पाहू, एवढेच म्हणालो.

सायकली मिळविणे कठीण गेले नाही. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून काही वर्षे आठवीतील मुलामुलींना सायकली दिल्या होत्या. त्यांपैकी पुष्कळशा थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे आलेल्या आहेत. कुणाची चेन उतरे, कुणाच्या ब्रेकचा भरवसा नसे. पण दोन दिवस खपून मुलांनी सगळ्यांची डागडुजी केली. कठीण गेले ते घरच्यांची संमती मिळविणे, विशेषतः मुलींच्या. नववीतील एका मुलीची आजी आम्हांस म्हणाली, "गुरुजी, सायकल दिली ती शाळंला जायला. बीदरला कशाला? पाणी बघायला का बाग बघायला?" आम्ही म्हणालो, "आजी, दोन्ही बघायला." आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आल्यावर मला सांगायला लावा तिला." एवढ्या अटीवर परवानगी मिळाली.

पहाटे साडेपाच वाजता आम्ही निघालो. कॅरियरला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या होत्या. एकाच्या गळ्यात हवा भरण्याचा पंप आणि दुसऱ्याच्या पिशवीत पंक्चर काढण्याचे सामान होते. थंडी बोचरी होती. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीला आली होती, मधूनमधून हरभरा, तूर आणि उसाचे फड. रस्त्यावरच्या टपऱ्यांतून चहा मागताना आमची मुले ज्या सहजतेने मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून दखनी हिंदीत शिरतात, ती पाहून आम्हांस नेहमीच कौतुक वाटते. हे त्यांना कोणी शिकविलेले नाही, या मुलखानेच दिलेले आहे. निजामी राजवटीतील जुना बीदर जिल्हा मोठा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला, जहिराबाद व नारायणखेड आंध्रात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. नकाशावर रेघा उमटल्या, पण सोयरीक, बाजार आणि बोली यांनी त्या रेघा फारशा मनावर घेतल्या नाहीत.

कारंजा नदीचा पूल ओलांडून काही अंतर गेल्यावर एक गंमत मुलांच्याच ध्यानात आली. गावातून निघताना चाकांना काळी माती चिकटली होती. आता मडगार्डवर तांबडा धुरळा बसू लागला. त्याचबरोबर पायही भरून येऊ लागले. डोळ्यांना रस्ता जवळजवळ सपाट दिसत होता, परंतु पायडल जड झाले होते. पुढे तर खरा चढ लागला आणि अर्ध्या मंडळींना उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. "रस्ता सरळ आहे, मग दम का लागतो?" असे एकाने विचारले. आम्ही म्हटले, "डोळे फसतात, पाय फसत नाहीत. हा चढ ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे."

चढाच्या माथ्यावर रस्त्याकडेला उघडा पडलेला तांबडा, जाळीदार दगड पाहिला आणि आम्हांस घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. आमचे घर कारवारकडचे, भाषा कोंकणी. आमच्या लहानपणीच्या घराच्या भिंती, अंगणाचा गडगा, विहिरीचा काठ, सारे याच दगडाच्या चिऱ्यांचे. मराठीत याला जांभा म्हणतात. फ्रान्सिस बुकानन या संशोधकाने १८०७ साली केरळातील अंगडीपुरमचा हा दगड वर्णिताना, तो विटांसारखा कापला जातो म्हणून विटेच्या लॅटिन नावावरून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. समुद्रकाठचा हा आमचा सोबती समुद्रापासून इतक्या दूर, सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर, बीदरच्या पठारावर जाड थर करून बसला आहे. खालच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर जणू तांबड्या सच्छिद्र दगडाची टोपी घातलेली आहे.

ही टोपी पावसाचे पाणी पिते. जांभ्याच्या छिद्रांतून व भेगांतून पाणी खाली उतरते, खालचा घट्ट खडक त्याला अडवितो, आणि मग ते आडवे सरकत पठाराच्या कडेला कोठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. नानक झिरा, पापनाश, गुडघाभर किंवा छातीभर पाण्यातून ज्याच्या दर्शनास जावे लागते तो नरसिंह झिरा ही तीर्थे आमच्या मुलांनी घरच्यांबरोबर पाहिलेली होती. त्या तीर्थांना आणि चाकांवर बसलेल्या तांबड्या धुरळ्याला एकाच दगडाचे नाते आहे, हे मात्र त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले. शीख यात्रेकरू, नरसिंहाचे भक्त आणि शंकराचे उपासक अशा सगळ्यांना पाणी पाजणारा यजमान एकच.

बीदर शहराच्या अलीकडे नौबाद लागते. येथे आम्ही सायकली उभ्या केल्या, कारण येथील जमिनीखाली या प्रदेशातील एक मोठे आश्चर्य आहे. बहामनी सुलतान अहमदशहा (कारकीर्द १४२२–१४३६) याने गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी बीदरला आणली. पठारावर राजधानी वसवावयाची म्हणजे पाण्याची सोय आधी पाहिली पाहिजे. बहामनी दरबारात इराणातून आलेली पुष्कळ मंडळी होती, आणि जमिनीखालून पाणी वाहून नेण्याची इराणी विद्याही येथे आली. तिला कारेज म्हणतात. जांभ्यात जेथे पाणी सापडते, तेथून एक बोगदा खणीत न्यावयाचा, आणि ठराविक अंतरांवर वरून उभ्या विहिरी पाडावयाच्या. त्यांतून खणलेली माती वर निघते, खणणाऱ्यांना हवा व उजेड मिळतो, आणि पुढे लोकांना पाणी शेंदता येते. पंप नाही, चाक नाही. पाणी केवळ उताराने चालते. उतार अधिक झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडून काढते, आणि कमी झाला तर ते साचते व गाळ धरते. डोळ्यांना न दिसणारा उतार अंधारात, शेकडो पावले, हाताने साधावयाचा! सकाळच्या फसव्या चढाची आठवण आता मुलांना आपोआप झाली, आणि आम्हांस अधिक काही सांगावे लागले नाही. औरंगाबादला मलिक अंबराने जमिनीखालून नहर नेली, ती याच विद्येची पुढली शाखा होय.

या कारेजला स्थानिक लोक सुरंग बावी म्हणतात. 'बावी' हा शब्द ऐकून आम्हांस हसू आले, कारण कोंकणीत विहिरीला आम्ही 'बांय' म्हणतो. संस्कृत 'वापी' ही दोघींची आई. कन्नड घरात ती बावी झाली, कोंकणी घरात बांय. ज्या मुलखात आपण परके म्हणून आलो असे वाटत होते, तेथे दगडही ओळखीचा निघाला आणि शब्दही. परकेपणा पुष्कळदा वरच्या थराचा असतो, एवढेच यावरून आम्ही समजलो.

परंतु नौबादची कथा केवळ अभिमानाची नाही. कितीतरी वर्षे ही वाट विस्मृतीत गेली होती. वरच्या विहिरी कोठे मातीने भरल्या, कोठे केरकचऱ्याने, आणि वरून घरे व रस्ते झाले. गेल्या दशकात अभ्यासकांनी तिचा माग काढला व गाळ उपसण्याचे काम झाले, तेव्हा लोकांना आपण कशावर चालत होतो हे कळले. कोणी शत्रूने ती बुजविली नव्हती. खाली काय आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी ती बुजविली. हे ऐकून, सारा दिवस बडबड करणारी आजीची नात एकदम गप्प झालेली आम्ही पाहिली.

दुपारी आम्ही बरीदशाही बागेत पोहोचलो. बहामनी सत्ता मोडल्यावर बीदर बरीदशाही घराण्याकडे आले. त्यांतील अली बरीद याने १५७७ मध्ये आपल्या हयातीतच आपली कबर बांधून घेतली आणि तिच्याभोवती चार भागांची बाग आखली. कबरीवर उंच घुमट आहे, पण चारी बाजूंच्या कमानी उघड्या आहेत. त्यांतून वारा आरपार खेळतो. ज्याला जिवंतपणी किल्ला लागला, त्याने मृत्यूनंतर दरवाजेही ठेवले नाहीत, ही गोष्ट मुलांना फार आवडली. १५८० मध्ये तो येथे विसावला. आज त्याच हिरवळीवर लोक सकाळ-संध्याकाळ फिरावयास येतात, मुले खेळतात. आमच्या मंडळींनी झाडाखाली धपाटे सोडले. तेथेच नातीने विचारले, "गुरुजी, आपल्या गावची बारव बुजवायची म्हणतात, ती खालून कुठून भरते?"

प्रश्न बिकट होता. आमच्या गावाच्या कडेला पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. घरोघरी नळ आल्यापासून तिचे पाणी कोणी पीत नाही. तिच्यात कचरा पडतो, एखादे मूल पडेल अशीही भीती असते. म्हणून ती मुरुमाने बुजवून जागा मोकळी करावी, अशी चर्चा गावात चालू आहे. भीती खोटी नाही, हेही येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि, ती कशी भरते, किती भरते, हे पाहिल्यावाचून बुजवावी काय, हा प्रश्न त्या दिवशी अठरा मुलांच्या मनात एकदमच उभा राहिला.

परतताना सायकली टेम्पोत घातल्या, म्हणून रात्री आठच्या आत आम्ही गावात होतो. ठरल्याप्रमाणे नातीने आजींना सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः शाळेच्या फाटकाशी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, त्या बारवेचं मला इचारा. गौरीच्या सणाला सातवी पायरी बुडायची, संक्रांतीला बाराव्या पायरीवर बसून आम्ही घागरी भरायचो. बहात्तरच्या दुष्काळात बी तळाला पाणी होतं." आमच्या कोणत्याही वहीत नसलेली माहिती त्यांच्याजवळ होती. आजवर ती त्यांना कोणी विचारली नव्हती, इतकेच.

तेव्हापासून दर रविवारी दोन मुले, एक शिक्षक आणि गाठी मारलेला एक दोर अशी मंडळी बारवेवर जातात. पहिल्या रविवारी चौदावी पायरी कोरडी होती. संक्रांतीला सतरावी. आजींच्या बाराव्या पायरीपासून आजच्या सतराव्या पायरीपर्यंत पाणी का उतरले, याची कारणे मुले शोधीत आहेत. शेतातील कूपनलिका किती, त्या कोठे व किती खोल, याची मोजणी सुरू झाली आहे. कठड्याला जाळी बसविली तर भीती कमी होईल काय, असे विचारणारा एक अर्जही त्यांनी ग्रामपंचायतीकडे दिला आहे. निर्णय गावाने घ्यावयाचा आहे. तो मुलांच्या मनासारखा होईलच, असे आश्वासन आम्ही त्यांना दिलेले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा उन्हाळा लागलेला असेल, आणि पाणी कोठवर आहे हे जाणण्याचा तोच खरा काळ. नोंदवही प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. सुटीत गावीच राहणाऱ्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. एकट्याने बारवेत उतरू नये. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी कोणत्या सणाला कोणती पायरी बुडत असे, हे विचारून शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.