बेटावरचा बंब

परवा भाचीचा फोन आला होता. ती अमेरिकेत असते. सुट्टीत मुलांना घेऊन हवाईतल्या माउई नावाच्या बेटावर जाऊन आली. समुद्र, धबधबे, फोटो हे सगळे सांगून झाल्यावर म्हणाली, "मावशी, तुझ्या आवडीची एक गोष्ट सांगते. तिकडे बेटाला मिळून एकच अग्निशमन खातं आहे. घराला आग लागली तरी तेच, समुद्रात कुणी बुडायला लागला तरी तेच, डोंगरात कुणी अडकला तरी तेच. शहराचं वेगळं, खेड्याचं वेगळं असं काही नाही."

मी म्हटले, "आमच्याकडे पण बेट आहे की. फक्त ते पावसाळ्यात चार दिवसच असतं."

ती हसली. मी मात्र गंमत करत नव्हते.

जे या पानावर नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमचे वीर म्हणजे रायगड जिल्ह्यातले, महाडच्या अलीकडचे गाव. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली आणि पुढचा मार्ग होईपर्यंत आमचेच स्टेशन शेवटचे होते. त्या काळात गावाला भलताच भाव आला होता! सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाड करत दासगावावरून पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. वर घाटात पाऊस कोसळत असताना खाली भरती असली, की नदीचे पाणी पुढे सरकत नाही. ते महाडात पसरते, रस्त्यावर येते. रस्ता गेला, वीज गेली, फोन गेला की आम्ही सगळे आपापल्या बेटावर. नकाशात बेट दिसत नाही एवढेच.

तर या बेटावर आगीचे आणि संकटाचे खाते कोणाकडे? मी शिकवायचे मराठी आणि इतिहास, त्यामुळे कायद्यातले मला फारसे कळत नाही. पण निवृत्तीनंतर एकदा राज्यघटना उघडून बसले होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची अठरा कामे दिली आहेत. त्यात सातवे काम अग्निशमन सेवा. मग ग्रामपंचायतींची अकरावी अनुसूची पाहिली. एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, मासेमारी आहे, ग्रंथालये आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. आग नाही. दोनदा वाचले, नाहीच. म्हणजे नगरपालिकेचा बंब, औद्योगिक वसाहतीचा बंब, आणि त्या दोन्हींच्या मधल्या गावांनी बोलवायचा तो त्यांच्यापैकीच कुणाचा तरी. तो येतोही, नाही असे नाही. पण रस्ता असेल तर येतो.

माझा एक जुना विद्यार्थी एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात होता. गणितात कच्चा, पण वर्गातली घंटा, खडू, पाण्याची घागर सगळे त्याच्याकडे. मध्यंतरी भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारले, "अरे, दिवसभर करता तरी काय? आगी काही रोज लागत नाहीत."

म्हणाला, "बाई, आग विझवणं हे सगळ्यात थोडं काम. बाकी सगळं झाडणं-पुसणं आणि लिहिणं."

मग त्याने सविस्तर सांगितले. ड्युटी बदलली की आधी गाडी सुरू करून बघायची. होस वापरले की धुवून, वाळवून, गुंडाळून ठेवायचे, ओले ठेवले की कुजतात. दोर हाताने चाचपून बघायचा. बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी मावते आणि पूर्ण जोराने सोडले तर ते काही मिनिटांतच संपते. म्हणून गावात शिरताना त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न आगीचा नसतो, पाणी परत कुठे भरायचे हा असतो. विहीर कुठे आहे, तिच्याजवळ गाडी जाते का, वाटेतली मोरी एवढे वजन घेईल का, विजेच्या तारा किती खाली आल्या आहेत... "हे आधी माहीत असलं तर काम निम्मं झालं बाई. नसलं तर तिथं जाऊन नुसतं शोधत बसायचं."

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, त्याचे कारणही मला त्याच्याकडूनच कळले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला. त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. इतकी वर्षे इतिहास शिकवला, पण हे काही मी वर्गात कधी सांगितले नव्हते.

आता माझी गोष्ट.

२५-२६ जुलै २००५. मुंबईचा पाऊस सगळ्यांच्या लक्षात आहे. आमच्याकडे त्याच दिवसांत डोंगर खाली आले. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. दीडशेहून जास्त माणसे गेली. दासगाव तर आमच्या शेजारचेच. तेव्हा एनडीआरएफ नव्हते, ते दल २००६ साली उभे राहिले. चिखल उपसायला पहिल्यांदा गेले ते आजूबाजूच्या गावांतले लोक, हातात फावडे-घमेले घेऊन. मी तेव्हा चोपन्न वर्षांची. शाळेत आसऱ्याला आलेल्या लोकांसाठी चहा-पिठले करत होते. रात्री कोणीतरी म्हणाले, दोर पाहिजे. दोर शाळेतच होता, खेळाच्या सामानाच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्या दुसऱ्या पर्समध्ये, घरी. कुलूप तोडले अर्थात. पण ती पाच-दहा मिनिटे मी विसरलेले नाही.

त्यानंतर मी एक वही घातली. साधी दोनशे पानी. कुणाकडे दोर, कुणाकडे शिडी, ट्रकची ट्यूब, ट्रॅक्टर, बॅटरी. पोहायला कोणाला येते, झाड तोडायला कोण जाते. आणि दुसऱ्या बाजूने, कोणत्या आळीत कोण आजारी, कोण एकटे, कुणाला चालता येत नाही. शिक्षिकेला याद्या करायची सवय असतेच! मुले चेष्टा करायची, "बाईंनी गावाचं हजेरीपत्रक काढलंय." मला त्याचा अभिमानच वाटायचा.

पुढची वर्षे काही सोपी गेली नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एस्ट्यांसकट. पूल नाही हे पहिल्यांदा कळले ते जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला, आणि त्याने गाड्या थांबवायला धाव घेतली. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एक वाचला, तीस गेले. दरीत उतरायला महाबळेश्वरकडचे ट्रेकर आले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसे गेली. एनडीआरएफचे जवान पुण्याहून आले आणि एकोणीस तासांनी एक चार वर्षांचा मुलगा ढिगाऱ्याखालून जिवंत काढला. टीव्हीपुढे बसून मी रडले. म्हणजे तयारीची माणसे येतात आणि चमत्कार वाटावा असे काम करतात. पण ती येईपर्यंतचे तास जवळच्याच माणसांचे असतात, मग ती गॅरेजवाली असोत की शेजारची.

आणि मग २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड पाण्यात, चिपळूण पाण्यात, रेल्वे बंद. तळियेला त्या संध्याकाळी डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली, पण मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. रस्तेच नव्हते. पोलादपूरकडे केवनाळे, साखर सुतारवाडी इथेही दरडी. आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. आमच्याकडे वीज नव्हती, फोन नव्हता, आणि पऱ्ह्याचे पाणी खालच्या आळीत शिरत होते.

रात्री दारावर थापा. तीन मुलगे बॅटरी घेऊन उभे. "बाई, वही द्या."

मी काय ऐटीत वही काढली म्हणून सांगू! पान उघडून दाखवले. खालची आळी, शेवटचे घर, आजी एकट्या, चालता येत नाही. मुले गेली. कमरेला दोर बांधून, छातीइतक्या पाण्यातून. शेवटच्या घरापर्यंत पोचली, हाका मारल्या, उत्तर नाही. कडी तोडून आत शिरली. सगळ्या खोल्या बघितल्या, माळ्यावर बघितले. कोणी नाही. परत येताना एकाचा पाय निसटला आणि तो प्रवाहात गेला. दोर होता म्हणून राहिला, पण कुंपणाच्या खांबावर आपटून हात मोडला.

आजी शिमग्यापासून लेकीकडे पनवेलला होत्या. आळीतल्या सगळ्यांना माहीत होते. मला माहीत नव्हते, कारण मी दोन वर्षांत विचारलेच नव्हते. करोनाचे निमित्त होते, गुडघ्यांचे होते. आणि त्याच आळीत दुसऱ्या टोकाला एक बाळंतीण दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन रात्रभर माळ्यावर बसली होती. तिचे नाव वहीत नव्हते. सुदैवाने पाणी पहाटे उतरले आणि सगळे सुखरूप राहिले.

सकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई माझीच विद्यार्थिनी. तिने चहा केला, समोर ठेवला. रागावली नाही, आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलं होतंत म्हणून गेला तो."

तो चहा मला घशाखाली उतरवता आला नाही.

तेव्हापासून हे वाक्य माझ्याबरोबर आहे. वही नसती तर मुलांनी आळीत चार घरी विचारले असते, आणि आजी नाहीत हे दोन मिनिटांत कळले असते. वही होती म्हणून कुणी विचारले नाही. यादी जुनी झाली तर ती नुसती निरुपयोगी नसते, ती माणसाला पाण्यात पाठवते. माझा तो विद्यार्थी 'झाडणं-पुसणं आणि लिहिणं' म्हणाला होता त्याचा अर्थ मला तेव्हा समजला. मी लिहिले होते, पण झाडले-पुसले नव्हते.

भाचीशी बोलताना मी तिला ८ ऑगस्ट २०२३ ची आठवण करून दिली. त्याच माउई बेटावर वादळी वाऱ्यात एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी आगी लागल्या. सकाळपासून जवान डोंगराकडच्या आगींमध्ये गुंतलेले, आणि दुपारी लहैना गाव पेटले. नळाला दाब राहिला नाही. धोक्याचे भोंगे होते, पण वाजवले गेले नाहीत. शंभराच्या वर माणसे गेली. खाते होते, बंब होते, शिकलेली माणसे होती. पण बेट म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचा बंब रस्त्याने धावून येत नाही. जे आहे त्यातच भागवायचे. त्यांना दोष द्यायला मी कोण! मला एवढेच दिसले, की एवढे मोठे खाते असलेल्या बेटावरही शेवटी प्रश्न तोच आला : या घडीला इथे कोण आहे, आणि कोणाला काय माहीत आहे.

म्हणून मला वाटते, खाते हवेच. गावांसाठीही हवे, आणि ते कोणाचे हे कागदावर स्पष्ट हवे. मी त्यासाठी अर्जही केले आहेत, पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. २०२१ नंतर पावसाळ्यात महाडला एनडीआरएफची तुकडी आधीच येऊन थांबते, सरकारची 'आपदा मित्र' योजना गावातल्या लोकांना शिकवते, या चांगल्याच गोष्टी आहेत. पण ते सगळे येऊन उभे राहिले तरी पहिला प्रश्न गावालाच विचारणार, "आत कोण आहे?" त्याचे उत्तर खरे असले पाहिजे.

आता वही एकटीची नाही. प्रत्येक आळीची एक बाई ठरली आहे, कारण कोण माहेरी आले, कोण मुंबईला गेले हे बायकांना आधी कळते. वर्षातून दोनदा बसतो. एकदा शिमग्याच्या आधी, कारण पुढे राब भाजायचे दिवस येतात आणि वारा फिरला की पेंढ्याची उडवी पेटायला वेळ लागत नाही. तेव्हा विहिरींना पाणी किती, बंब कुठपर्यंत येईल ते बघतो. दुसऱ्यांदा मृगाच्या आधी. दोर उन्हात काढून प्रत्येक हात चाचपतो, खराब झाला असेल तर सरळ गुरांना बांधायला देऊन टाकतो. प्रत्येक पानावर वर तारीख घालायची असा नियम केला आहे. तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी दिसली तर त्या पानावर विसंबायचे नाही, आधी शेजारी विचारायचे. हा नियम हात मोडलेल्या त्या मुलानेच सुचवला. तो आता दोराची जबाबदारी बघतो. हात पूर्ण सरळ होत नाही अजून, पण गाठ माझ्यापेक्षा चांगली मारतो.

कपाटाला कुलूप नाही हे वेगळे सांगायला नको.

असो. लिहिता लिहिता बरेच लांबले. नात्यातली मंडळी वाचत असतात म्हणून एक विनंती. तुमच्या गावाकडच्या घरात सध्या कोण राहते, घर बंद असेल तर किल्ली कोणाकडे आहे, हे शेजाऱ्यांना फोन करून सांगून ठेवा. आणि आई-वडिलांना पावसाळ्यापुरते तुमच्याकडे घेऊन गेलात, तर जाताना तेवढे शेजारी सांगून जा. कोणीतरी रात्री पाण्यातून त्यांना शोधायला जाणारे असते.