छत्रीचं टोक

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत पावसाळा लागला हे वेधशाळेच्या आधी पॅसेजला कळतं. प्रत्येक दारापुढे एकेक छत्री उघडून वाळत टाकलेली, आणि जिन्याने येणाऱ्याने अंग चोरून, काड्या चुकवत घर गाठायचं. इंग्रजांत म्हणे घरात छत्री उघडणं अशुभ. वन-रूम-किचनमध्ये चार माणसं आणि चार ओल्या छत्र्या सांभाळायची वेळ आली असती, तर हा समज आठवडाभरही टिकला नसता. आमच्याकडे मोरीत, गॅलरीत, गॅसच्या सिलिंडरवरसुद्धा छत्री वाळते, आणि त्यापायी कुणाचं वाईट झालेलं ऐकिवात नाही.

यंदा मृगाच्या तोंडावर बाबांची छत्री कपाटावरून खाली काढली. काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची. हल्लीच्या तीन घडीच्या छत्र्या पर्समध्ये मावतात खऱ्या, पण स्टेशनबाहेर वाऱ्याचा एक झोत आला की उलट्या होतात. ही कधी उलटली नाही. मात्र दोन काड्या कापडापासून सुटल्या होत्या, म्हणून पुलाखाली बसणाऱ्या छत्रीवाल्याकडे नेली. त्याने ती उघडून उजेडाकडे धरली. कापडाला बारीक बारीक भोकं पडलेली. भर दुपारी आत चांदणं दिसलं. मग त्याने सुई काढली, काडीचं टोक कापडाच्या कोपऱ्याशी जुळवलं, काळ्या दोऱ्याचे तीन वेढे दिले, गाठ मारली आणि उरलेला दोरा दाताने तोडला. दुसऱ्या काडीलाही तेच. चाप दोनदा दाबून पाहिला. परत देताना त्याचं लक्ष खालच्या टोकाकडे गेलं.

"हे एवढं कशानं घासलं? काठी करत होते का?"

एकच दिवस केली होती. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. लोकल बंद, बस जागच्या जागी उभ्या. बाबा अंधेरीच्या ऑफिसातून दुपारी निघाले आणि चालत बोरिवलीला पोचले ते पहाटे. अशा पावसात छत्री डोक्यावर धरून उपयोग नव्हता. त्यांनी ती मिटली आणि उलट्या बाजूने कामाला लावली. पुढच्या पावलाखाली रस्ता आहे की उघडं मॅनहोल, हे टोक टेकवून बघायचं आणि मग पाय टाकायचा. मागे आठ-दहा अनोळखी माणसं रांगेने, एकमेकांचे खांदे धरून. सकाळी ते दारात उभे होते. पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, आणि छत्री मिटलेलीच.

छत्रीवाल्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. "पावसात," म्हटलं. त्याला ते पुरलं.

मराठीत छत्र थोरलं आणि छत्री धाकटी. छत्र आपण धरत नाही, ते आपल्यावर कुणीतरी धरतं. छत्री मात्र ज्याची त्याने सांभाळायची, आणि विसरायचीही. रायगडावर ६ जून १६७४ ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, महाराजांवर छत्र धरलं गेलं, तेव्हा पाऊस उंबरठ्यावर आलेला असणार. त्या छत्राने पाऊस अडवायचा नव्हता. आज घाटकोपर-मुलुंडची लोकल जिथे संपते ते स्टेशन आणि अंधेरीजवळचं विमानतळ, दोन्हींच्या नावात छत्रपती आहेत. बाहेर पडणारे आपण पिशवीत हात घालून आपली छत्री चाचपत असतो. घाटकोपरच्या देरासरात तीर्थंकरांच्या माथ्यावर एकावर एक तीन छत्रं दिसतात. घानात अशांती राजाची मिरवणूक निघते तेव्हा त्याच्यावरच्या प्रचंड रंगीत छत्र्या सेवक ढोलाच्या तालावर खालीवर नाचवतात, म्हणजे सावली मिळते आणि वाराही. हाँगकाँगमध्ये २०१४ साली पोरांनी मिरपुडीच्या फवाऱ्यापुढे आणि अश्रुधुरापुढे साध्या बाजारी छत्र्या उघडल्या. तिथे वर कुणी नव्हतं, जो तो शेजारच्यावर धरत होता. मला स्वतःला हे दृश्य सगळ्या राजछत्रांपेक्षा जवळचं वाटतं.

कान्हेरी आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. बाबा दर पावसाळ्यात एकदा न्यायचे, कारण तेव्हा कातळातल्या पोढ्या तुडुंब भरतात. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं; तिथल्या प्राकृत शिलालेखांतच हा शब्द आहे, आणि तो उच्चारायला बाबांना फार आवडे. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात, आमच्या छत्र्यांचं पाणी फरशीवर निथळत असताना, ते स्तूपाच्या माथ्याकडे बोट दाखवत. कार्ल्याच्या स्तूपावर लाकडी छत्र दोन हजार वर्षं टिकून आहे. इथे वर काही उरलेलं नाही. "डोंगराच्या पोटात ना ऊन ना पाऊस, मग छत्र कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं. "मानाचं," ते म्हणाले, आणि स्वतःची छत्री झटकून कोपऱ्यात नीट टेकवून ठेवली.

ते गेले तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं, पितृछत्र हरपले. तेराव्याच्या यादीत गुरुजींनी दानासाठी छत्री आणि चपला लिहिल्या होत्या. जोडी अशीच का, तेही त्यांनीच सांगितलं. महाभारताच्या अनुशासनपर्वात जमदग्नी बाण सोडतोय आणि रेणुका ते वेचून आणतेय. ज्येष्ठातलं ऊन, डोकं तापलं, पाय पोळले, ती झाडाखाली थांबली. उशीर का झाला हे कळल्यावर जमदग्नीने सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या वेषात आला आणि त्याने दोन वस्तू दिल्या, डोक्यासाठी छत्री आणि पायांसाठी पादत्राण. गुरुजी सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते टोक होतं. आमच्याकडे एकाच वस्तूने दोन्ही कामं केली होती. दानाला मी बाजारातून नवी छत्री आणली.

"टोक बदलू?" छत्रीवाल्याने विचारलं. नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मुलगी ती छत्री घेऊनच बसली. तिच्या खांद्याइतकी उंच, मुठीत दोन्ही हात गुंतलेले. वरून गॅलरीतून ओरडलो, अगं उघड, भिजशील. तिला ऐकू गेलं नसावं. गेटपासून रिक्षापर्यंत जेवढी डबकी होती, त्या प्रत्येकात टोक बुडवून ती पाणी किती खोल आहे ते बघत चालली होती.