"सर, आपला अन् समुद्राचा काय संबंध?"

डिसेंबरात आमच्या शाळेची सहल कोकणात गेली. दोन मुक्काम, माणशी १८०० रुपये. माझ्या सातवीच्या वर्गातल्या ४१ पैकी १९ मुलं गेली. उरलेली २२ रोजच्यासारखी दप्तर घेऊन शाळेत आली. मी मागं थांबलो होतो, म्हणून ते तीन दिवस वर्ग माझ्याकडंच होता. वर्ग कसला, सगळ्यांचं मन समुद्रावर गेलेलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्या जिल्ह्यातलं कुणी पूर्वी समुद्राकडं जायचं का?" मी खडू ठेवत बोलून गेलो, "अगं, आपला दुष्काळी भाग. आपला अन् समुद्राचा काय संबंध?" पोरं हसली. तीही हसली.

घरी आल्यावर मात्र ते उत्तर टोचत राहिलं. कारण ते चुकीचं होतं, आणि चुकीचं आहे हे मला माहीत होतं.

मित्रांनो, आपल्या धाराशिवपासून तासाभराच्या आत तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर. आपण सगळे तिथं दर्शनाला जातो, तेरणेच्या काठावर बसतो, घरी येतो. पण हेच तेर म्हणजे जुनं तगर. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तिच्यात आपल्या दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं आहेत, एक पैठण आणि दुसरी तगर. भडोच बंदरापासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, तिथून पुढं तगर आणखी १० दिवस. तगरचं कापड, जाडंभरडं आणि तलमही, बैलगाड्यांत भरून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडं. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघालेली जहाजं आपल्या पावसाळी वाऱ्यावर इकडं यायची आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतायची. ज्या वाऱ्याची आपण जूनमध्ये आभाळाकडं बघत वाट पाहतो, तोच वारा.

म्हणून ठरवलं, २१ मार्चला वर्ग तेरला न्यायचा. एका दिवसात जाऊन यायचं. वर्गणी ९० रुपये, ज्याला जमेल त्यानं द्यायची.

विरोध झालाच. एक पालक म्हणाले, "गुरुजी, तेरला काय बघायचंय? आम्ही दर एकादशीला जातो की." सहकारी म्हणाले, परीक्षा तोंडावर आलीय, ऊन वाढलंय, कशाला खटाटोप? तारीखच धरून का बसलात, हाही प्रश्न आला. त्याचं उत्तर पुढं सांगतो.

४१ च्या ४१ मुलं आली. ऊसतोडीवरून आदल्याच आठवड्यात आई-बापासोबत परतलेला एक मुलगाही आला. त्याची ही पहिली सहल.

सकाळी त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पाहिलं. मागची बाजू अर्धगोल आहे, कारण ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं. मग लामतुरे संग्रहालय. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, त्यांच्या त्या संग्रहातून हे सरकारी संग्रहालय उभं राहिलं. मातीच्या मूर्ती, मणी, नाणी. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीबद्दल मुलांना सांगितलं. इटलीत इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आपल्या तेरच्या बाहुलीच्या जवळच्या नात्यातली वाटावी, इतकी मिळतीजुळती आहे.

मुलं ऐकत होती, पण डिसेंबरात प्रश्न विचारणारी ती मुलगी शंखाच्या बांगड्यांपाशी थांबली होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "सर, शंख नदीत मिळत नाही ना?"

"नाही."

"मग ह्यो इथं कसा आला?"

मी सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं आणि म्हणालो, "डिसेंबरात मी हिला चुकीचं उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर हिनं आज स्वतः शोधलं." कापड समुद्राकडं गेलं, समुद्रातला शंख इकडं आला. पुढं कोकणच्या किनाऱ्यावर राज्य करणारे शिलाहार राजेही स्वतःला मोठ्या अभिमानानं तगरपुराचे स्वामी म्हणवून घेत. किनाऱ्यावरचे राजे आपल्या गावाचं नाव बिरुदात लावत होते आणि मी वर्गात 'काय संबंध' म्हणत होतो!

आता तारखेचं. इ.स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. त्यानं जगातल्या हजारो ठिकाणांची अक्षांश-रेखांशांसह यादी केली. त्या यादीत तगर आहे. मग आपणच तेरचा अक्षांश काढून बघू, असं मुलांना सांगितलं होतं. २१ मार्चच्या सुमारास सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी भरदुपारी सूर्य आपल्या डोक्यापासून जितके अंश दक्षिणेला कललेला दिसतो, तितकाच आपला अक्षांश.

सामान काय? १ मीटरची काठी, मोजपट्टी, कोनमापक आणि एकाच्या वडिलांचा गवंडीकामाचा ओळंबा. गावाबाहेर मोकळ्या जागेत काठी ओळंब्यात उभी केली. १२ वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा. सावली १२ ला सर्वांत छोटी होईल असं सगळ्यांना वाटलेलं. ती आखडतच राहिली आणि साडेबाराच्या जरा पुढं सर्वांत छोटी झाली. का? आपलं घड्याळ ग्रीनिचपासून साडेब्याऐंशी अंश पूर्वेच्या रेषेवर चालतं, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. तेर तिच्या सहा अंशांहून जास्त पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते. लंडनजवळ ग्रीनिचला १६७५ साली वेधशाळा बांधली, तीही जहाजांना भर समुद्रात आपलं ठिकाण कळावं म्हणूनच. तारे बघणारा आणि जहाज हाकणारा यांची गाठ जुनी आहे.

सावली भरली ३४ सेंटीमीटर. कागदावर मापानं त्रिकोण काढला, कोन आला पावणेएकोणीस अंश. तेरचा खरा अक्षांश सव्वाअठरापेक्षा किंचित जास्त. चूक जवळपास अर्ध्या अंशाची. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे आम्ही ५० किलोमीटर उत्तरेला सरकलो. उसाच्या फडावरून आलेला तो मुलगा लगेच म्हणाला, "सर, म्हंजे आपुन तेरला नाही, केजच्याबी पुढं गेलो!" टोळीच्या गाडीतून गेल्यामुळं ते रस्ते त्याला पाठ होते. वर्गात नकाशा वाचताना जो कधी तोंड उघडत नाही, त्यानं दिशा आणि गाव दोन्ही अचूक सांगितलं.

ही पोस्ट माझ्या कौतुकासाठी नाही. कोकणची सहल वाईट असंही मी म्हणत नाही. पण ज्या सहलीत अर्धा वर्ग मागं राहतो, तिला शाळेची सहल कसं म्हणायचं? तेर आपल्या दारात आहे. माझी जिल्ह्यातल्या शिक्षकांना, शाळा व्यवस्थापन समित्यांना, पालकांना हात जोडून विनंती आहे. लांबची सहल काढायची तर काढा, पण त्याआधी प्रत्येक वर्गाची एक दिवसाची तेर-सहल होऊ द्या, आणि पैशासाठी त्यातून एकही मूल वगळू नका. काठी २१ मार्चला लावा, नाहीतर २३ सप्टेंबरच्या सुमारास आभाळ मोकळं असेल तेव्हा. आणि पांढरीत मुलांना काही सापडलं, तर ते खिशात न जाता संग्रहालयात जमा होईल एवढं बघा.

काठी, ओळंबा आणि मोजपट्टी माझ्याकडं आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जा.