देवगिरी : एका दिवसाची राजधानी

जांब समर्थहून देवगिरीला निघालेल्या माणसाला यादवांची ही राजधानी परकी वाटत नाही. तिची कोठारे गोदाकाठच्या गावांनीच भरली असणार. चांदमिनार, चिनी महाल, मेंढातोफ मी इतर पर्यटकांप्रमाणेच पाहून घेतली. पाय थबकले ते खंदकापाशी. कातळ उभा तासून काढलेला तो खंदक आणि त्यापुढची अंधारी! वाटाड्याने मशाल आडोशाला नेताच स्वतःचा हातही दिसेना. या गडात शत्रू शिरणार कसा?

तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीपुढे रामदेवरावाला तह करावा लागला. मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर दूर होते आणि घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे सांगतात. याच राजाच्या अमदानीत, अवघ्या सहा वर्षांपूर्वी, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली होती. भाषा अशी भरात असताना राजधानीत वेढ्यापुरती ज्वारी नसावी, हे मनाला फार लागते.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे इथे आणली. ती फरपट वाटाड्याने विनोद म्हणून सांगितली. मला हसू आले नाही.

बारादरीत टेकलो तेव्हा एकनाथ आठवले. याच गडाचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या पदरी असताना एका पैच्या चुकीसाठी त्यांनी रात्र जागवली, ही कथा आमच्याकडे मुलांनाही ठाऊक असते. पोती गडावर चढत होती तेव्हा त्यांची तोंडे सोडून पाहणारा असा एखादा कारकून तिथे असता तर?