पोटातली शिदोरी

नागपुरात माझं पोल्ट्रीच्या सामानाचं दुकान आहे. खाद्याची पोती, लसींचा फ्रिज, प्लॅस्टिकची लाल-पिवळी पाण्याची भांडी, भाताच्या तुसाचे गठ्ठे, आणि आठवड्यातल्या ठरल्या दिवशी एक दिवसाची पिल्लं. बाकीच्या मालाचा गिऱ्हाईक भाव विचारतं. पिल्लांच्या बाबतीत मात्र दारातूनच आवाज येतो, "भाऊ, पिल्लं हायेत का आज?"

मी विचारतो, "जागा तयार हाय का घरी?"

काहींना हा प्रश्न आवडत नाही. पैसे आम्ही देतो, चौकश्या तुम्ही कशाला करता, असा चेहरा होतो. पण खाद्याचं पोतं चार दिवस कोपऱ्यात पडून राहिलं तरी बिघडत नाही. पिल्लाचं घड्याळ मात्र अंड्यातून बाहेर येण्याआधीच सुरू झालेलं असतं, आणि दुकानात उभं राहून मी रोज त्या घड्याळाशी हिशोब करत असतो.

अंडं उबवणीला ठेवल्यापासून पिल्लू फुटायला 21 दिवस लागतात. यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब, मापाचा ओलावा आणि ठरावीक वेळाने अंडी कलती करणं. अठराव्या दिवसानंतर कलती करणं थांबतं आणि अंडी दुसऱ्या खणात जातात. फुटण्याच्या थोडं आधी पिल्लू उरलेला बलक नाभीतून पोटात ओढून घेतं. ही त्याची शिदोरी. तिच्यावर ते दोनेक दिवस, फार तर तीन दिवस, दाण्यापाण्याशिवाय तग धरतं. निसर्गाने ही सोय दुकानदारासाठी केलेली नाही. खुडूक बसलेल्या कोंबडीखालची दहा-बारा अंडी एकाच तासाला फुटत नाहीत. पहिलं पिल्लू बाहेर आलं म्हणून आई उठून चरायला गेली तर मागची अंडी गार पडतील. म्हणून पहिल्याने शेवटच्याची वाट पाहायची, आणि तेवढ्यापुरतं पोटात बांधून आणायचं.

माणसाने नेमकी ही फट हेरली. अमेरिकेत 1918 पासून टपाल खातं एक दिवसाची पिल्लं पार्सलने पोचवू लागलं. आपल्याकडे ती भोकं पाडलेल्या खोक्यांतून ट्रकने, टेम्पोने, प्रवासी गाडीच्या टपावरून किंवा डिकीतून येतात. एका खोक्यात चार कप्पे, कप्प्यात पंचवीस, म्हणजे खोक्यात शंभर. वर दोन-चार जास्तीची, वाटेतल्या मरतुकीसाठी. नागपूर मध्यावर असल्याने माल दोन्हीकडून येतो. राजनांदगावची वाट जवळची, हैदराबादची लांबची. मी हॅचरीला फोन करतो तेव्हा भावाच्या आधी विचारतो, माल कितीला निघाला. गिऱ्हाइकाला विचारतो, गाव किती लांब. उमरेडला जाणाऱ्याचं वेगळं, गडचिरोलीला जाणाऱ्याचं वेगळं. तीन दिवस ही शेवटची मर्यादा आहे, परवानगी नव्हे. वाटेतला प्रत्येक तास त्या शिदोरीतून वजा होतो, आणि मे महिन्यात दुप्पट वेगाने.

त्यामुळे "आज आहेत का" याचं खरं उत्तर तीन आठवड्यांपूर्वीच ठरलेलं असतं. तेव्हा कुणी अंडी भरली असतील तरच आज पिल्लं आहेत. न सांगता आलेल्याला मागणीतून उरलेली मिळतात. ती का उरली हे त्याला कळत नाही आणि बरेच दुकानदार सांगत नाहीत.

दुसरा प्रश्न, कशासाठी. अंड्यांसाठी, मटणासाठी, की परसात चार कोंबड्या फिराव्यात म्हणून? ब्रॉयलरचं पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंवर जातं, पण विकतच्या खाद्यावर आणि सांभाळलेल्या शेडमध्ये. ते अंगणात सोडून "हे तर बसूनच राहते" अशी तक्रार घेऊन येणारे दर हंगामात भेटतात. ते बसणारच, त्याला तसंच घडवलं आहे. परसासाठी वेगळ्या जाती आहेत. बंगळूरच्या पशुवैद्यकांनी तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया, शिवाय जुन्या भरवशाच्या ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या नागपुरात आहेत. माझ्याकडे नसेल तर मी माणसाला तिकडे पाठवतो. तिथे नाव नोंदवून थांबावं लागतं, आणि थांबायला शिकणं हा या कामातला पहिला धडा आहे.

कडकनाथची चौकशी करणारे थांबत नाहीत. झाबुआच्या या काळ्या मांसाच्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचं नाव घरोघरी गेलं. पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांची मोठी फसवणूक उघडकीला आली. पिल्लं घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असं सांगितलं गेलं होतं. कोंबडी खोटी नव्हती, हमी खोटी होती. पिल्लासोबत परत खरेदीचा वायदा कुणी देऊ लागला तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, पिल्लाचा भाव वेगळा लिहून माग आणि वायदा विसरून जा. त्या भावात परवडत असेल तर घे.

आता खोकं उघडू. आधी कान लावायचा. बारीक, सलग किलबिल ठीक. टोकदार, मोठ्याने चाललेली चिवचिव म्हणजे थंडी किंवा तहान. मग एक पिल्लू उचलून तळहातावर उताणं करायचं. धडधाकट पिल्लू दोन-तीन सेकंदांत पालथं होऊन उभं राहतं. हातपाय हलवत पडून राहिलेलं बाजूला ठेवायचं. नाभी पाहायची. ती कोरडी, मिटलेली हवी. काळी गाठ, ओल किंवा कुजका वास असेल तर त्या पिल्लाला हॅचरीतूनच संसर्ग झालेला आहे, आणि ते आठवडा काढणं कठीण. पाय पाहायचे. तुकतुकीत असतील तर अंगात पाणी आहे, सुकून शिरा वर आल्या असतील तर प्रवास लांबलाय. बूड घाणीने चिकटलेलं नको. मी हे गिऱ्हाइकासमोर करतो, त्याच्या हातानेही करून घेतो. उन्हात, गाडीवर बसल्या बसल्या, वरूनच मोजून खोकं बांधून नेणाऱ्याला मी थांबवतो.

नर-मादीचा प्रश्न हमखास येतो. "साऱ्या माद्याच द्या, भाऊ." अंड्यांच्या व्यापारी जातींत हॅचरीतच नर-मादी वेगळे केले जातात, त्याला सरावाची नजर लागते. परसातल्या जाती बहुधा न निवडता येतात. शंभरात साधारण निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच चालायचं. ज्यांना फक्त अंडी हवीत त्यांनी थोडे जास्त पैसे देऊन वाढवलेल्या तलंगा घ्याव्यात. पहिल्या काही आठवड्यांची मरतूक आणि जागरण दुसऱ्याने सोसलेलं असतं, त्याचे ते पैसे.

कारण खरं काम घरी आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. हे पुस्तकी आकडे जगभर सारखेच, पण नागपूरची हवा सारखी नाही. याच शहरात 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता, आणि 29 डिसेंबर 2018 ला 3.5 वर उतरला होता. डिसेंबरच्या त्या रात्री शेडला वरून तीस अंश पुरवावे लागतात. मेच्या दुपारी बल्ब बंद करून टिनावर ओली पोती टाकावी लागतात, आणि रात्री पुन्हा बल्ब. कूलर लावणाऱ्यांना मी हात जोडतो. त्याच्या ओल्या हवेने तूस दमट होतं आणि रक्ती हगवण मागून येते. मला विचाराल तर पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे पिल्लं आणावीत. थंडी कडक होईपर्यंत त्यांना पिसं आलेली असतात.

बल्बचीही आता गंमत झाली आहे. जुन्या गणिताप्रमाणे एका पिल्लामागे दोन वॅट, म्हणजे शंभराला दोनशे. लोक वॅट मोजतात आणि एलईडी लावतात. उजेड भरपूर, ऊब काहीच नाही. सकाळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून खालची गुदमरलेली असतात. तारेचा जुना पिवळा बल्ब किंवा पिल्लांसाठीचा लाल दिवाच लागतो, म्हणून तो मी मुद्दाम ठेवतो. लाइट जाणाऱ्या गावांत शेगडी ठेवतात. तिथे धूर कोंडणार नाही एवढी खिडकी उघडी हवी. ऊब बरोबर आहे का हे सांगायला यंत्र लागत नाही. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळाली तर उकाडा, एकाच बाजूला दाटली तर वाऱ्याची झुळूक, सगळीकडे पांगून पहुडली तर ठीक.

आल्या आल्या दाणा नको, पाणी आधी. कोमट पाण्यात थोडा गूळ किंवा ग्लुकोज, आणि आठ-दहा पिल्लांची चोच हलकेच बुडवून दाखवायची. बाकीची बघून शिकतात. मग तुसावर कागद अंथरून मक्याची बारीक भरड पसरायची. त्या रात्री काही पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपायची. मऊ, भरलेली लागली तर शिदोरी सरायच्या आत घरचं अन्न पोटात पोचलं.

लसीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मॅरेक्सची लस हॅचरीतच देतात, ती दिली का हे विचारून घ्यायचं. पाच ते सात दिवसांत लासोटा, दोन आठवड्यांनी गंबोरो, मग पुन्हा लासोटा. लासोटा मानमोडीसाठी, जिला डॉक्टर राणीखेत म्हणतात. ती आली की आख्खं खुराडं रिकामं करून जाते. अडचण अशी की लसीची सर्वांत लहान बाटलीसुद्धा शंभराच्या हिशोबाची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. दहा पिल्लंवाल्याला ती परवडत नाही, म्हणून तो देतच नाही. मी सुचवतो, गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं घ्या आणि एकच बाटली वाटून घ्या. बर्फाच्या थर्मासमध्येच न्या. ज्या वस्त्यांत लोकांनी हे केलं, तिथल्या मावश्या पुढच्या वर्षी पुन्हा दुकानात येतात.

बर्ड फ्लूचं नाव काढलं की लोक लांबच्या बातमीसारखं ऐकतात. देशात तो पहिल्यांदा 2006 मध्ये नवापूरला निघाला. पण 2024 च्या मार्चमध्ये तो नागपुरातल्या सरकारी उबवणी केंद्रातच सापडला आणि तिथले पक्षी नष्ट करावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीला इथल्याच गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले. जंगली पक्षी, कोंबडी, मांजर, वाघ, हा विषाणू कुणाची जात विचारत नाही. म्हणून रिकामी खोकी मी परत घेत नाही, जाळायला सांगतो. दोन दुकानांची पिल्लं एका घेऱ्यात मिसळू नयेत. जुन्या कोंबड्यांना दाणा टाकून त्याच चपलांनी पिल्लांकडे जाऊ नये. आणि पक्षी अचानक, एकामागून एक मेले तर ते विकू नयेत, नाल्यात फेकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

शेवटी रस्त्यावरची रंगीत पिल्लं. हिरवी, गुलाबी, निळी, टोपलीत भरून मुलांसमोर धरलेली. ती बहुतेक अंड्याच्या जातींतले नर असतात. अंडी देत नाहीत, मांस धरत नाहीत, म्हणून हॅचरीला नकोशी. रंगात बुडवलेली, उन्हात बसवलेली, आणि पोटातला बलक बहुधा संपवून बसलेली. मुलांच्या हातात ती दोन-चार दिवस टिकतात आणि आईबाप "गेलं उडून" म्हणतात. लेकराने हट्ट धरला तर त्यातलं घेऊ नका, आणि एकटं पिल्लू तर कुठूनच आणू नका. पाच-सहा आणा, आणि पुढचा महिनाभर त्याला स्वतः पाणी बदलायला लावा. ते जमणार नसेल तर पिल्लू घेऊ नये.

कोंबडी पाळायची इच्छा असेल त्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. दुकानात या, तारीख लिहून घ्या आणि रिकाम्या हाताने घरी जा. तूस पसरा, घेरा बांधा, आदल्या संध्याकाळी दिवा लावून जागा उबदार करा. मग ठरल्या दिवशी सकाळीच या. दुपारी येऊ नका.