एकाच सूर्याखालीं

युद्धस्मारकापुढें उभे राहिलें कीं लोक त्यावरील नांवें वाचतात. आम्हांस मात्र आधीं एक प्रश्न सुचतो, तो असा कीं, हा दगड उभा कोणीं केला? मेलेला शिपाई स्वतःविषयीं कांहींच बोलत नाहीं. जो दगड बसवितो तोच त्याच्या वतीनें बोलतो. राजा बोलूं लागला कीं शिपाई राजनिष्ठ ठरतो, राष्ट्र बोलूं लागलें कीं देशभक्त ठरतो, आणि गांव बोलूं लागला कीं तो आपल्या आळींतला एक मुलगा होतो. हे तिन्ही आवाज खरे असूं शकतील. परंतु ते एकमेकांशीं जुळतातच असें नाहीं. नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मारकांकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील सर्वांत नवें स्मारक इटलींतील मोंतोने नांवाच्या एका लहानशा गांवीं आहे, आणि आमच्या मतें तें सर्वांत विचारणीयहि आहे.

घाडगे यांचा जन्म १९२१ सालीं कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्यांत झाला. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत ते नाईक होते. ४ जून १९४४ रोजीं रोम दोस्त राष्ट्रांच्या हातीं आलें आणि जर्मन सैन्य डोंगरामागून डोंगर लढवीत उत्तरेकडे हटूं लागलें. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्याच्या पाठीवर असलेल्या हिंदी फौजेंत ही पलटण होती. १० जुलै रोजीं घाडगे यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यांच्याखेरीज तुकडींतला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. ते एकटेच मोर्च्यावर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं ती मशीनगन व ती चालविणारा या दोहोंचा निकाल लावला. आणखी एकास गोळी घातली. आणि पुन्हां काडतुसें भरण्यास अवधि नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरली व तिच्या घावांनीं उरलेल्या दोघांस मारलें. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच मोर्च्यांत पडले. तेव्हां त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला.

त्यांचें एक स्मारक साम्राज्याचें. ज्यांचीं थडगीं ठाऊक नाहींत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें इटलींतच कासिनो येथें कोरलेलीं आहेत, त्यांत घाडगे यांचें नांव आहे. दुसरें स्मारक माणगांवांतील पुतळा. मुंबई-गोवें रस्त्यानें जाणाऱ्यांस हें गांव परिचित आहे. आम्हीहि त्या वाटेनें अनेकदां गेलों आहों. कासिनोस ते हजारांतले एक आहेत. माणगांवास ते एकटेच आहेत. परंतु या दोन्ही ठिकाणीं एका प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं : हा तरुण लढला तो कोणासाठीं?

हा प्रश्न आम्ही उगाच उकरून काढतों असें वाचकांनीं समजूं नये. दुसऱ्या महायुद्धांत पंचवीस लाखांच्या घरांत हिंदी लोक सैन्यांत होते, आणि त्यांतला प्रत्येक जण स्वखुशीनें भरती झाला असें सरकारी भाषा सांगते. कोंकणांत ज्यांनीं खडकावरची शेती आणि मनीऑर्डरीची वाट पाहणारीं घरें पाहिलीं आहेत, त्यांस त्या स्वखुशीचा अर्थ निराळा सांगावयास नको. शिवाय काळ कोणता? ज्या जुलै महिन्यांत घाडगे पडले, त्या महिन्यांत नेहरू, पटेल आणि आझाद अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदीवान होते. साताऱ्याच्या डोंगरांत नाना पाटलांचें प्रतिसरकार इंग्रजी अंमलास धाब्यावर बसवीत होतें. त्याच नगर जिल्ह्याच्या निमजचे नामदेव जाधव पुढें ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतल्या सेनियो नदीकांठीं लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. इटलीच्या रणांगणावर हा सन्मान मिळविणारे हिंदी सैन्यांतले शिपाई सहा. त्यांत हे दोघे मराठी. जो देश स्वतः परतंत्र, त्याचे मुलगे दुसऱ्या देशाच्या मुक्ततेसाठीं मरत होते.

स्वराज्य आल्यावर तुरुंगांत गेलेल्यांचा मान झाला, गांवोगांवीं हुतात्म्यांचीं स्मारकें उभीं राहिलीं. तें योग्यच झालें. परंतु साम्राज्याचा पगार घेऊन पडलेल्या या शिपायांचें काय करावें, हें मात्र आपणांस कधीं नीट उमगलें नाहीं. त्यांस देशभक्त म्हणावें तर इतिहास अडवितो. भाडोत्री म्हणावें तर जीभ अडते.

आतां मोंतोनेकडे वळूं. उंब्रिया प्रांतांत, पेरूजा शहराच्या उत्तरेस, टायबरच्या खोऱ्यावर डोंगरमाथ्यावर वसलेलें हें गांव. त्याची जुनी कीर्ति ब्राच्चो दा मोंतोने या सेनानायकामुळें. १३६८ सालीं जन्मलेला व १४२४ सालीं रणांत मिळालेल्या जखमांनीं मेलेला हा पुरुष पैसा घेऊन दुसऱ्यांसाठीं लढणाऱ्या सरदारांपैकीं एक होता. म्हणजे पगारी शिपाई ही काय चीज आहे, हें या गांवास सहाशें वर्षें ठाऊक आहे. ब्राच्चोचा अभिमान धरण्यास त्याला कधीं संकोच वाटला नाहीं. २०२३ सालच्या जुलैंत येथील ग्रामसंस्थेनें आणि इटालियन लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनीं घाडगे यांच्या नांवें एक स्मारक उघडलें. त्या समारंभास भारताच्या राजदूतहि उपस्थित होत्या. इटलीच्या युद्धांत पडलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ५,७८२ सांगतात. त्या सर्वांचें स्मरण या निमित्तानें झालें. स्मारक म्हणजे पुतळा नव्हे, तोफ नव्हे, स्तंभहि नव्हे. तें एक सूर्यघड्याळ आहे, आणि त्याच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ असा कीं, आपण सारे एकाच सूर्याखालीं आहों.

हा दगड बसविणारे ना घाडगे यांचे धनी, ना त्यांचे आप्त. ज्यांच्या खोऱ्यांत ते पडले, त्यांनीं तो बसविला आहे. म्हणूनच त्यांस ना राजनिष्ठा सांगावी लागली, ना देशभक्ति. आणि 'सारे' हा शब्द लहान नाहीं. त्यांत घाडगे येतात, खोऱ्यांतले शेतकरी येतात. पण त्या मोर्च्यांतले चार जर्मनहि येतात, ज्यांतल्या दोघांचा अंत बंदुकीच्या घावांनीं झाला. सन्मानपत्रांत ते शत्रूचे गोलंदाज आहेत. तेहि कोणा गांवचे मुलगे असले पाहिजेत. शौर्याचा गौरव करावा आणि त्याच्या पायाखालीं काय पडलें होतें तें झांकूं नये, इतका प्रामाणिकपणा फार थोड्या स्मारकांत आढळतो.

तथापि आमच्या मनांत एक विचार येतो. सूर्य एकच असला तरी सावली एक नसते. आपल्या पंचांगांत पलभा देतात. विषुवदिनीं माध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची जी सावली पडते, ती पलभा. माणगांव सुमारें १८ अंशांवर आहे, तेथें ही सावली चार अंगुळें भरेल. मोंतोने ४३ अंशांच्या वर, तेथें ती अकरांहून अधिक होईल. माणगांवास माध्यान्ह होऊन गेल्यावर सुमारें चार तासांनीं मोंतोनेस माध्यान्ह होते. म्हणून मोंतोनेचें घड्याळ उचलून माणगांवास आणून ठेवलें तर तें खरी वेळ दाखविणार नाहीं.

स्मरणाचेंहि असेंच आहे. मोंतोनेस घाडगे हे आपल्या भूमीवर पडलेले परके तरुण. तेथें कृतज्ञता पुरेशी आहे. आपणांस ती पुरणार नाहीं. आपल्याकडे त्या मरणाबरोबर भूक येते, पारतंत्र्य येतें, अहमदनगरचा किल्ला येतो, आणि या सर्वांसह त्या एकट्याच्या धांवण्याचें तेज येतें. यांतलें कांहींहि न गाळतां त्यांची गोष्ट माणगांवच्या शाळेंतल्या मुलांस सांगतां आली पाहिजे. मोंतोनेनें आपल्या अक्षांशाचें घड्याळ बसविलें; आपल्या अक्षांशाचें बसविणें हें काम आपलें आहे, आणि तें अजून व्हावयाचें आहे.